ओळख आधी, परीक्षण नंतर

किशोरवयीन मुलींना स्तनांचे स्वपरीक्षण शिकवणाऱ्या चित्रफिती मी बऱ्याच पाहिल्या आहेत, त्यांतील काही मुलींसोबत बसून पाहिल्या आहेत, आणि बहुतेकांची घडण एकाच साच्यातली वाटते. आधी कर्करोगाचे आकडे येतात, मग पेशींची अनिर्बंध वाढ दाखवणारे ऍनिमेशन, मग गंभीर आवाजातली ताकीद, आणि त्यानंतर आरशासमोर उभे राहण्यापासून आडवे होऊन चाचपण्यापर्यंतच्या पायऱ्या. पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीसाठी लिहिलेली संहिता चौदा वर्षांच्या मुलीला जशीच्या तशी ऐकवली जाते. आरोग्यशिक्षणाच्या कामात मला सतत अस्वस्थ करत आलेली गोष्ट हीच आहे, कारण या दोघींच्या शरीरात, त्यांना असलेल्या धोक्यात आणि त्यांना पडणाऱ्या प्रश्नांत फार मोठे अंतर असते.

आकडे खोटे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2022 मध्ये जगभरात सुमारे 23 लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे 6 लाख 70 हजार जणांचा त्याने मृत्यू झाला. ज्यांना हा आजार होतो त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये, स्त्री असणे आणि वय वाढणे यांखेरीज दुसरे कोणतेही ठळक कारण सापडत नाही. मात्र यातला वयाचा भाग मुलींपर्यंत क्वचितच पोहोचतो. किशोरवयात स्तनाचा कर्करोग अत्यंत दुर्मीळ असतो, आणि या वयात हाताला लागणाऱ्या गाठींपैकी बहुतांश गाठी निरुपद्रवी असतात, हे वाक्य ज्या चित्रफितीत पहिल्या मिनिटातच येत नाही तिने मुलींचा विश्वास गमावला असे मी मानते. कारण पडद्यावरची गाठ पाहून मुलगी घरी जाते, अंघोळीच्या वेळी तिचा हात छातीवरच्या एखाद्या टणक जागेवर पडतो, आणि मग कित्येक रात्री ती जागी असते. आपण मरणार आहोत का, हा प्रश्न कोणाला विचारायचा हेही तिला कळत नाही.

भीती दाखवली की माणसे सावध होतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आरोग्यविषयक संदेशांचा अभ्यास करणाऱ्या किम विट यांनी 1992 मध्ये मांडलेल्या प्रतिमानात भीतीचा हा हिशेब अधिक नेमकेपणाने मांडला आहे. धोका मोठा आहे असे वाटले, आणि त्यावर आपल्याला काही करता येईल असा विश्वासही वाटला, तर माणूस धोक्याला तोंड देतो. तो विश्वास नसेल तर तो आपल्या भीतीलाच आवर घालू लागतो, म्हणजे विषय टाळतो, कान बंद करतो, हसण्यावारी नेतो. वर्गात चित्रफीत सुरू असताना मागच्या बाकांवरून येणारा खिदळण्याचा आवाज अनेक शिक्षिकांना उद्धटपणाचा वाटतो. मला तो बहुतेक वेळा भीतीचा आणि संकोचाचा वाटत आला आहे, आणि त्यावर रागावून उपयोग नसतो. संहिता बदलावी लागते.

इथे स्वपरीक्षणाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तो माहीत नसेल तर आपण मुलींना नेमके काय आणि कशासाठी शिकवत आहोत, याचा गोंधळ होतो. 1950 मध्ये अमेरिकेत कॅन्सर सोसायटी आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी स्त्रियांना स्तन तपासण्याची पद्धत शिकवणारा एक चित्रपट तयार केला, आणि दृकश्राव्य माध्यम व स्वपरीक्षण यांची जोडी तेव्हापासूनच जमलेली आहे. पुढची अनेक दशके दरमहा तपासणी हा स्त्रियांच्या आरोग्याचा जणू नियमच झाला. त्यानंतर शांघायमध्ये कापड उद्योगातील 2,66,064 महिला कामगारांवर मोठा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या गिरण्यांमधील स्त्रियांना स्वपरीक्षण काळजीपूर्वक शिकवण्यात आले, त्याची वारंवार उजळणी घेण्यात आली, आणि तरीही 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत दोन्ही गटांतील मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले: शिकवलेल्या गटात 135 आणि न शिकवलेल्या गटात 131. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींसाठी झालेल्या तपासण्या मात्र बऱ्याच अधिक होत्या. रशियात झालेल्या अशाच एका अभ्यासातही मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 2003 मध्ये मासिक स्वपरीक्षण ऐच्छिक ठरवले आणि 2015 मध्ये सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांसाठी त्याची शिफारस करणेच थांबवले. आज अनेक वैद्यकीय संघटना ठरीव तारखेच्या, ठरीव पायऱ्यांच्या तपासणीऐवजी स्तनांविषयीच्या सजगतेवर भर देतात: आपले स्तन एरवी कसे दिसतात आणि हाताला कसे लागतात हे ठाऊक असावे, आणि त्यात बदल जाणवला तर तो विनाविलंब सांगावा.

हे वाचून काहींना वाटेल की मग मुलींना शिकवायचेच कशाला. माझे मत याच्या अगदी उलट आहे. गाठ लवकर शोधून प्राण वाचवणे हा हेतू चौदा वर्षांच्या मुलीला कधीच लागू नव्हता. तो बाजूला केल्यावर जे उरते ते तिच्या वयाला अधिक साजेसे आहे. तिचे स्तन या क्षणी वाढत आहेत, दर महिन्याला बदलत आहेत, दुखत आहेत, आणि याबद्दल तिच्याशी बोलणारे कोणीही नाही. आपल्या शरीराच्या या भागाबद्दल बोलायचे नसते, तो पाहायचा नसतो, त्याला हात लावायचा नसतो, ही शिकवण मुली याच वयात आत्मसात करतात, आणि पुढे पन्नाशीत खरोखरच गाठ लागली तरी महिनोन् महिने ती लपवणाऱ्या स्त्रियांमध्ये मला त्याच शिकवणीची सावली दिसते. म्हणून किशोरवयीन मुलींसाठीच्या चित्रफितीचा विषय आधी निरोगी स्तन हा असावा. गाठ त्यात यावी, परंतु ती उशिरा यावी.

निरोगी स्तनाबद्दल सांगण्यासारखे इतके आहे की त्यातच चित्रफितीचा अर्ध्याहून अधिक वेळ जावा. साधारणपणे 8 ते 13 या वयात स्तनांची वाढ सुरू होते आणि तिची पहिली खूण म्हणजे स्तनाग्राच्या खाली तयार होणारी लहानशी, टणक, दाबल्यावर दुखणारी चकती. पुष्कळदा ती आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिने सपाट राहते. ही चकती म्हणजे स्तनाची कळी असते. ती गाठ समजून काढून टाकली किंवा तिचा तुकडा तपासायला घेतला, तर त्या बाजूचा स्तन पुढे नीट वाढत नाही, आणि म्हणूनच वैद्यकीय शिक्षणात याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीची आई घाबरून तिला घेऊन धावते ती बहुधा याच चकतीमुळे. पाळी साधारणपणे त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी सुरू होते. स्तनांच्या वाढीचे पाच टप्पे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांच्या नावाने ओळखले जातात, आणि ते रेखाचित्रांतून क्रमाने दाखवले की मुलींचे चेहरे मोकळे होताना मी पाहिले आहेत, कारण वर्गातील प्रत्येक मुलगी त्या रांगेत कुठेतरी स्वतःला शोधत असते आणि तिला तिथे आपली जागा सापडते.

मुलींनी निनावी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून द्यावेत अशी सोय मी ठेवते, आणि त्या चिठ्ठ्यांत सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न कर्करोगाचा नसतो. एक बाजू लहान आणि दुसरी मोठी असणे हा आजार आहे का, असे त्या विचारतात. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे असणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे, आणि वाढीच्या काळात हा फरक अधिक ठळक दिसतो, हे त्यांना कोणीही सांगितलेले नसते. त्यानंतरचे प्रश्न दुखण्याचे असतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात संप्रेरकांच्या चढउतारामुळे स्तन जड होतात, ठणकतात, दाणेदार लागतात, आणि पाळी आली की हा त्रास ओसरतो. म्हणूनच स्तन पाहण्यासाठी पाळी संपल्यानंतरचे दिवस सोयीचे असतात. कारण न सांगता नुसता नियम सांगितला तर तो लक्षात राहत नाही. कारण समजले की मुलगी स्वतःच तो पाळते. काहींच्या स्तनाग्रांभोवती बारीक केस असतात, काहींची स्तनाग्रे पहिल्यापासूनच आत वळलेली असतात, काहींच्या स्तनांवर वाढीचे फिकट वण उमटतात, आणि स्तनाच्या खालच्या कडेला हाताला लागणारी घट्ट वळी नैसर्गिकच असते. यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या मुलीने आपल्यातील दोष म्हणून मनात दडवलेली असते.

आणि इथेच चित्रांचा प्रश्न येतो. अनेक चित्रफितींत एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, गुळगुळीत स्तन दाखवलेले असतात. ते पाहून मुलीला वेगळेपणाची भीती अधिकच वाटते. रेखाचित्र वापरावे की खरे शरीर, यावर खूप वाद होतात. किशोरवयीन मुलीचे खरे शरीर चित्रित करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते करता कामा नये, आणि कायद्यानेही ते चालत नाही. प्रौढ स्त्रीचे शरीर दाखवले तर पाहणाऱ्या मुलीला ते आपले वाटत नाही. माझा कल म्हणूनच चांगल्या रेखाचित्रांकडे आहे, परंतु त्यांत वेगवेगळे आकार, वेगवेगळे वर्ण, लहानमोठी बाजू, वण, तीळ हे सगळे हवे. स्तनांच्या जागी फुले किंवा फळे दाखवून संकोच टाळण्याची क्लृप्ती मोठ्यांच्या मोहिमांत कधीकधी उपयोगी पडते. ज्या मुलीला आपल्या शरीराकडे सरळ पाहायला शिकवायचे आहे तिच्यापुढे मात्र मी ती ठेवणार नाही.

पद्धत शिकवण्याच्या भागात पडद्याची ताकद खरोखर दिसते. आरशासमोर हात खाली सोडून, मग डोक्यावर उचलून, मग कमरेवर दाबून पाहणे, आडवे होऊन ज्या बाजूचा स्तन तपासायचा त्या बाजूच्या खांद्याखाली उशी ठेवणे आणि तो हात डोक्यामागे घेणे, मधल्या तीन बोटांची टोके न वापरता त्यांचे मांसल भाग टेकवणे, एकाच जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत लहान वर्तुळे काढणे, आणि गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या वळीपर्यंत व छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत उभ्या पट्ट्यांनी सरकत जाणे, हे सगळे छापील पत्रकावर वाचून कोणालाही नीट कळत नाही, आणि हलत्या चित्रात ते सहज कळते. काखेचा भाग तर आवर्जून दाखवावा लागतो, कारण स्तनाच्या ऊतींचा एक पदर काखेपर्यंत गेलेला असतो हे मुलींना ठाऊक नसते. बहुमाध्यम शिक्षणावर रिचर्ड मेयर यांनी केलेल्या संशोधनातून दिसते की आशय लहान तुकड्यांत मिळाला, पाहणाऱ्याला आपल्या गतीने थांबता आले आणि अनावश्यक सजावट गाळली, तर शिकणे सोपे होते. तरीही आपल्या चित्रफितींत निवेदनाखाली अखंड करुण संगीत वाजत राहते, आणि निवेदिका जे बोलते तेच शब्द पडद्यावरही धावत असतात. हे संगीत काढून टाकले तरी चित्रफीत निम्म्याने सुधारेल, असे मला अनेकदा वाटते.

पडद्यावर कृती कोण करून दाखवते, हेही महत्त्वाचे आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी दाखवून दिले की माणसे दुसऱ्यांना पाहून शिकतात, आणि हे मलाही जमेल हा विश्वास आपल्यासारख्याच व्यक्तीला ते जमलेले पाहून वाढतो. अचूक हालचाली करणारी पांढऱ्या कोटातली तज्ज्ञ ही मुलीसाठी तशी व्यक्ती नव्हे. जी सुरुवातीला अडखळते, जिचा क्रम चुकतो, जिला काखेजवळ काहीतरी लागते आणि जी घाबरून विचारते, अशी तिच्या वयाची कुणी रेखाचित्रात किंवा केवळ आवाजातून भेटली, तर मुली अधिक लक्ष देतात. ती आपल्या आईशी किंवा मावशीशी बोलताना दाखवली तर फारच उत्तम, कारण मुलींना सर्वांत अवघड जाते ते पहिले वाक्य. चाचपायची कृती त्या दोनदा पाहून शिकतात. आई, मला इथे काहीतरी लागते आहे, असे म्हणायला त्यांना कोणी शिकवलेले नसते.

मात्र डोळ्यांना आणि कानांना जे देता येते त्याने बोटे शिकत नाहीत. कठीण गाठ आणि स्तनाचा नैसर्गिक दाणेदारपणा यांतला फरक स्पर्शाचा आहे, आणि स्पर्श पडद्यातून पोहोचत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात हेन्री पेनिपॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात सिलिकॉनची स्तनप्रतिरूपे विकसित केली ती नेमक्या याच कारणासाठी. त्यांत निरनिराळ्या खोलीवर, निरनिराळ्या आकाराच्या गाठी बसवलेल्या असतात आणि बोटांना सराव देता येतो. चित्रफितीनंतर असे प्रतिरूप हातोहात फिरवले की वर्गाचा नूर पालटतो. मुली एकमेकींना गाठ दाखवू लागतात, दाब कमी पडला की ती कशी निसटते हे सांगू लागतात, आणि मघाचा संकोच कुतूहलात विरून जातो. मात्र किशोरवयीन मुलींना मी निरोगी प्रतिरूप आधी देते आणि गाठींचे नंतर, कारण नैसर्गिक काय हे बोटांना कळल्याशिवाय वेगळे काय हे कळणार नाही.

गाठीचा विषय निघाला की तिची माहितीही वयानुरूप हवी. या वयातील सर्वांत नेहमीची गाठ म्हणजे फायब्रोएडिनोमा: गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून सहज सरकणारी, बहुधा न दुखणारी. तिच्यातून कर्करोग होण्याची भीती नगण्य असते, अनेकदा तिच्यावर नुसते लक्ष ठेवले जाते, आणि काही गाठी आपोआप लहानही होतात. खेळताना मार लागूनही टणक जागा तयार होऊ शकते. जंतुसंसर्गाने लाली, उष्णता आणि ताप येऊ शकतो, आणि त्यासाठी मात्र लगेच उपचार हवेत. जुन्या चित्रफितींत स्तनाग्र पिळून पाहण्याची सूचना असते. ती मुलींना देऊ नये, कारण सतत दाबल्याने निरोगी स्तनातूनही थेंबभर स्राव येऊ शकतो आणि काळजीला निमित्त मिळते. आपोआप येणारा, विशेषतः रक्तमिश्रित स्राव, झपाट्याने वाढणारी किंवा न हलणारी गाठ, त्वचेला नव्याने पडलेली खळी, आणि पाळीचे एक-दोन फेरे उलटूनही न विरलेला बदल, इतकी यादी पुरेशी आहे. ज्या मुलींना बालपणी कर्करोगासाठी छातीवर किरणोपचार घ्यावे लागले आहेत, किंवा ज्यांच्या कुटुंबात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकांतील दोष आढळला आहे, त्यांना वेगळा सल्ला लागतो आणि तो सर्वांसाठीच्या चित्रफितीत कोंबता येत नाही. त्यांनी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे, असे एक वाक्य तेवढे त्यात असावे.

चित्रफीत दाखवल्यानंतर तिचा परिणाम मोजण्याची रीत मला सर्वांत अपुरी वाटते. आधी प्रश्नपत्रिका, मग चित्रफीत, मग तीच प्रश्नपत्रिका, आणि गुण वाढले की उपक्रम यशस्वी. नुकत्याच ऐकलेल्या गोष्टींवरील गुण वाढणारच. परिचर्या-संशोधक व्हिक्टोरिया चॅम्पियन यांनी 1984 मध्ये आरोग्यविषयक समजुतींच्या प्रतिमानावर, म्हणजे माणसाच्या समजुतींवरून त्याचे आरोग्यविषयक वागणे समजून घेणाऱ्या मांडणीवर, आधारलेली जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यात अडथळ्यांविषयीचे प्रश्न होते, आणि मुलींच्या बाबतीत तीच खरी विचारण्याजोगी गोष्ट आहे: खोलीला दार आहे का, घरात एकांत मिळतो का, कोणाला सांगितले तर बोलणी बसतील का. काही महिन्यांनी पुन्हा भेटून, मधल्या काळात यातले काही कोणाशी बोललीस का, एवढे विचारले तरी गुणांपेक्षा पुष्कळ अधिक कळते. चित्रफीत मोबाइलवरही उपलब्ध असावी, कारण वर्गात जे पाहताना मान खाली जाते ते एकांतात पुन्हा पाहता येते. परंतु केवळ दुवा पाठवून शिकवण्याचे काम संपत नाही, कारण मोबाइलला चिठ्ठी देता येत नाही.

चित्रफितीचा शेवट साधारणपणे घोषवाक्याने होतो. त्याऐवजी तिथे तपासणीची खोली दाखवावी, असे मी संहिता लिहिणाऱ्यांना आग्रहाने सांगत असते. डॉक्टर आधी काय विचारतील, मग हाताने कसे तपासतील, गरज वाटल्यास सोनोग्राफी करतील आणि तिने दुखत नाही, या वयात स्तनांच्या ऊती दाट असल्यामुळे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, सहसा करत नाहीत, सुई घालून तपासण्याची वेळ क्वचितच येते, आणि पुष्कळदा एखादा महिना थांबून पुन्हा यायला सांगतात, हे सगळे दोन मिनिटांत दाखवता येते. तपासताना आई, मोठी बहीण किंवा परिचारिका जवळ असावी असे मुलीला वाटले तर तिने तसे सांगावे, आणि नकोसे वाटले तर कुठल्याही क्षणी थांबा म्हणावे, ही दोन वाक्ये त्या दृश्यात डॉक्टरांच्याच तोंडी असावीत.